वाळवंटातील निवृत्तांचे नगर

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील ॲरिझोना राज्यात, फीनिक्स ह्या राजधानीच्या शहरापासून बावीस-तेवीस किलोमीटरांवर, सन सिटी नावाचे नगर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ४० हजार भरली. ह्या नगराला नगरपालिका नाही, नगराध्यक्ष नाही, आणि ज्यांनी ते आखले त्यांनी आराखड्यात शाळेसाठी जागाही ठेवली नव्हती. निम्म्याहून अधिक रहिवाशांनी सत्तरी ओलांडलेली आहे. नगराचे रस्ते वर्तुळाकार असून एकाच केंद्राभोवती ते वलयांसारखे पसरले आहेत. त्यांवरून मोटारींच्या बरोबरीने गोल्फच्या मैदानावर वापरतात तशा विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या धावताना दिसतात. रहिवासी त्यांतूनच बाजाराला, दवाखान्याला व चर्चला जातात.

ह्या गावाच्या बातम्या कोणत्या असतात, हे प्रथम पाहणे उपयुक्त होईल. स्थानिक वृत्तपत्रांतून व करमणूक-केंद्रांच्या मासिक पत्रकांतून येणारा मजकूर बराचसा ठरावीक असतो. अमुक मंडळाची वार्षिक निवडणूक, तमुक जलतरण तलावाची दुरुस्ती, रजया शिवणाऱ्या स्त्रियांचे प्रदर्शन, रत्नांना पैलू पाडण्याच्या वर्गात नव्या सभासदांना प्रवेश, गोल्फच्या वार्षिक वर्गणीत वाढ करावी की नाही ह्यावर सभा. जन्माची वार्ता येथे नसते. विवाहाची असली तर बहुधा दुसरेपणाची असते. परक्या वाचकाला हा मजकूर क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गावात मूल जन्मत नाही, त्या गावाला आपली वस्ती टिकविण्यासाठी दरवर्षी बाहेरून माणसे आणावी लागतात. ती माणसे येथे यावीत असे येथे काय आहे, हे ही पत्रके सांगत असतात. सन सिटीचा साठाहून अधिक वर्षांचा इतिहास समजून घ्यावयाचा, तर ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

कापसाच्या शेतावरील गाव

सन सिटी वाळवंटात आहे हे खरे. तथापि ती वाळूवर उभी राहिलेली नाही. हा प्रदेश सोनोरा वाळवंटाचा भाग असून वर्षाकाठी येथे सरासरी १८ ते २० सेंटीमीटर पाऊस पडतो, म्हणजे साधारणतः राजस्थानातील जैसलमेरइतका. असे असूनही विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथे शेती होत होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारींच्या टायरांसाठी लांब धाग्याच्या कापसाची मागणी वाढली, आणि ह्या खोऱ्यात ठिकठिकाणी कापसाचे मळे उभे राहिले. आज जेथे सन सिटी आहे तेथे मॅरिनेट नावाची शेतमजुरांची व शेतकऱ्यांची लहानशी वस्ती होती. १९३६ साली ही जमीन बॉझ्वेल ह्या कापूस-उत्पादक कुटुंबाच्या कंपनीकडे आली. मे १९५९ मध्ये डेल ई. वेब ह्यांच्या विकास-कंपनीने येथील सुमारे २० हजार एकर जमीन दीड कोटी डॉलरांना, म्हणजे एकरी साडेसातशे डॉलर दराने, घेतली.

वेब हे मूळचे सुतार. १८९९ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ह्या माणसाने फीनिक्समध्ये येऊन बांधकामाचा धंदा काढला आणि युद्धकाळातील सरकारी कामांवर तो वाढविला. लास व्हेगासमधील फ्लेमिंगो हे जुगारगृहासह असलेले हॉटेल त्यांनी बांधले. न्यूयॉर्क यँकीज ह्या बेसबॉल संघाचे ते भागीदार मालक होते. त्यांच्याच कंपनीने १९४२ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात पोस्टन येथे एक वसाहत झपाट्याने उभी केली होती. ती मात्र अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांना डांबून ठेवण्याची छावणी होती. नकाशावर ओसाड दिसणाऱ्या जागी थोड्या महिन्यांत हजारो माणसांची सोय करण्याची हातोटी ह्या कंपनीला कोठे साधली, हे विसरून चालणार नाही.

वृद्धांसाठी वेगळे गाव ही कल्पना मात्र वेब ह्यांची नव्हे. सन सिटीच्या अगदी शेजारी १९५४ मध्ये बेन श्लायफर ह्या गृहस्थांनी यंगटाउन नावाची वस्ती वसविली होती. वृद्धाश्रमातील परावलंबी जीवनाऐवजी निवृत्त माणसाला स्वतःचे लहान, परवडणारे घर मिळावे, आपल्यासारख्यांचा शेजार लाभावा, एवढाच त्यांचा हेतू होता. नावातच 'तारुण्य' असलेल्या त्या वस्तीत घरे होती, शांतता होती, हवा कोरडी होती. दिवसभर करावयाचे काय, ह्या प्रश्नाला मात्र फारसे उत्तर नव्हते. वेब ह्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच उणीव हेरली.

त्या काळची पार्श्वभूमी येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. १९०० मध्ये अमेरिकेत ६५ वर्षांवरील माणसे ३१ लाखांच्या आसपास होती. १९६० मध्ये ती १ कोटी ६६ लाखांवर गेली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्धांना दरमहा निश्चित रक्कम मिळू लागली होती, आणि युद्धोत्तर काळात कामगार संघटनांनी अनेक उद्योगांत निवृत्तिवेतनाचे करार करून घेतले होते. वातानुकूलन यंत्रे सामान्य घरांत आली होती. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या ह्या खोऱ्यात त्यांच्यावाचून अशी वसाहत कोणाच्या स्वप्नातही आली नसती. हातात थोडा पैसा, शरीरात बरी शक्ती आणि पुढे दहा-पंधरा वर्षांचा रिकामा काळ असलेला हा वर्ग अमेरिकेच्या इतिहासात नवीनच होता. त्याला काय हवे हे कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते. नातवंडांपासून शेकडो मैल दूर, केवळ म्हाताऱ्यांच्या गावात राहावयास कोण जाईल, असा जाणत्यांचाही सूर होता.

वेब ह्यांच्या कंपनीने एक साधा पण महागडा नियम पाळला : आधी सोयी, मग घरे. गोल्फचे मैदान, तरणतलाव व कार्यशाळा असलेले करमणूक-केंद्र आणि दुकाने बांधून झाल्यावरच विक्रीला आरंभ झाला. १ जानेवारी १९६० ला नमुन्याची पाच घरे लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे येऊन गेली, आणि २३७ घरे विकली गेली. रस्त्यावर मोटारींची मैलोगणती रांग लागली होती. १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने वेब ह्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. विकावयाला काढलेली वस्तू घर ही नव्हतीच. रिकामा वेळ कसा घालवावा ह्याची एक तयार पद्धतच विक्रीस निघाली होती, असे म्हणता येईल.

भारतीय वाचकाला येथे वानप्रस्थाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ते साम्य वरवरचे आहे. वानप्रस्थात माणूस गरजा कमी करीत जातो व समाजातून हळूहळू अंग काढून घेतो. सन सिटीत तो नवा समाज जोडतो, नवी कौशल्ये शिकतो आणि बहुधा नवीन खरेदीही करतो. वनाऐवजी येथे हिरवळ आहे, आणि तीही विकतच्या पाण्यावर.

मंडळांचे जग

ह्या नगरात आज सात मोठी करमणूक-केंद्रे आणि आठ गोल्फची मैदाने आहेत. ती सर्व रहिवाशांच्याच एका ना-नफा संस्थेच्या मालकीची आहेत. घर घेणाऱ्याला खरेदीच्या वेळी एक ठरावीक रक्कम आणि पुढे दरवर्षी वर्गणी भरावी लागते. त्या बदल्यात ओळखपत्र मिळते व त्याच्या आधारे सर्व दारे उघडतात. संस्थेचे संचालक रहिवासी मतदानाने निवडतात. नगरपालिका नसलेल्या ह्या गावात लोकशाहीची चुरस प्रामुख्याने येथेच पाहावयास मिळते.

केंद्रांच्या आश्रयाने शंभराहून अधिक मंडळे चालतात. लाकूडकाम, धातुकाम, चांदीचे दागिने, मातीची भांडी, विणकाम, रत्ने घासणे, छायाचित्रण, रेल्वेच्या लहान प्रतिकृती, पत्त्यांतील ब्रिज, चौरस-नृत्य, हिरवळीवरील बोलिंग, सॉफ्टबॉल असे नाना प्रकार त्यांत आहेत. प्रत्येक मंडळाला अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार असतो. हत्यारे सर्वांची, म्हणून त्यांच्या वापराचे नियम काटेकोर. लाकूडकामाच्या दालनात नवख्याला आधी सुरक्षिततेचे धडे घ्यावे लागतात, आणि सभासदांनी पाळीपाळीने देखरेख करावयाची असते. ज्याने चाळीस वर्षे कारखान्यात यंत्र चालविले तो येथे पुन्हा यंत्रापाशी उभा राहतो. फरक इतकाच, की आता भोंगा वाजत नाही व खुर्ची नातीसाठी होते. बारकाईने पाहिले तर असे आढळते, की ह्या विश्रांतीच्या गावात आळस कोणालाच मान्य नाही. भरलेली दिनदर्शिका ही येथे प्रतिष्ठेची खूण आहे. आयुष्यभर कामालाच सद्गुण मानीत आलेल्या माणसांनी करमणुकीलाही कामाचे रूप दिले, ह्यात नवल नाही.

ह्या मंडळांत 'पॉम्स' नावाचे पथक विशेष प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ह्या पथकातील स्त्रिया चमकदार पोशाख करून व हातात झुरमुळ्यांचे गोंडे घेऊन मिरवणुकींतून नृत्य करतात. अमेरिकेत असे नृत्य महाविद्यालयीन तरुणी खेळाच्या सामन्यांत करतात. येथे प्रवेशाची किमान वयोमर्यादा ५५ वर्षे आहे. बाहेरचे पत्रकार ह्या पथकाकडे गंमत म्हणून पाहत आले आहेत. परंतु नियमित तालमी आणि प्रत्येकीने पाऊल चुकू न देण्याची धडपड पाहिली म्हणजे थट्टेचा सूर टिकत नाही.

पालिकेवाचूनचा कारभार

सन सिटीला नगरपालिकेचा दर्जा द्यावा अशी चळवळ अधूनमधून झाली, पण बहुसंख्य रहिवाशांनी तिला साथ दिली नाही. पालिका म्हणजे नवे कर, हे समीकरण निश्चित उत्पन्नावर जगणाऱ्या माणसाला लगेच समजते. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हे गाव आजही मॅरिकोपा काउंटीचा, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या घटकाचा, एक भाग आहे. पोलीस बंदोबस्त काउंटीच्या शेरीफकडे. अग्निशमनासाठी स्वतंत्र विभाग. घरांच्या खरेदीखतांतील अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी घरमालकांची संघटना.

उरलेली पोकळी स्वयंसेवकांनी भरून काढली आहे. १९७३ मध्ये शेरीफच्या मदतीसाठी स्थानिक पथक उभे राहिले. निवृत्त नागरिक गणवेश घालून गाडीतून गस्त घालतात, गावी गेलेल्या शेजाऱ्यांची बंद घरे तपासतात, चुकलेल्या वृद्धाला घरी पोहोचवितात. दुसरी एक संघटना १९८० च्या सुमारास निघाली. तिचे सभासद पहाटे रस्त्याकडेचा कचरा उचलतात व झाडांची निगा राखतात. पालिकेच्या झाडूवाल्याचे काम माजी बँक-व्यवस्थापक व शिक्षिका करीत आहेत, हे दृश्य ह्या नगराचा सारा व्यवहार उलगडून दाखविते : कर नको, पण श्रम देऊ. अर्थात असे श्रमदान देणारी धडधाकट माणसे सतत उपलब्ध असली तरच हा हिशेब जुळतो.

गाव आधी की गोठे आधी?

ह्या नगराचे नाव कायद्याच्या अभ्यासकांना एका वेगळ्याच कारणाने परिचित आहे. सन सिटीच्या दक्षिणेस गुरांना खुराक देऊन कत्तलीसाठी पुष्ट करण्याचे मोठाले वाडे होते. नगर वसण्यापूर्वीच, १९५६ मध्ये, त्यांची सुरुवात झाली होती. पुढे स्पर इंडस्ट्रीज ह्या कंपनीने ते घेतले आणि १९६२ पर्यंत सुमारे ३५ एकरांवरून ११४ एकरांपर्यंत वाढविले. इकडे वेब ह्यांची घरे दक्षिणेकडे सरकतच होती. १९६७ पर्यंत दोहोंमधील अंतर सुमारे पाचशे फुटांवर आले. त्या वेळी वाड्यांत वीस ते तीस हजार गुरे होती. प्रत्येक गुरामागे दिवसाला ३५ ते ४० पौंड ओले शेण, म्हणजे एकूण दहा लाख पौंडांहून अधिक. वाऱ्याबरोबर दुर्गंधी व माश्या येत. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून अंगणात बसण्यासाठी घर घेतले होते, त्यांना अंगणात बसवेना. तेराशेहून अधिक भूखंड विकण्याजोगे राहिले नाहीत, असे वेब ह्यांच्या कंपनीचे म्हणणे होते. तिने न्यायालयात धाव घेतली.

वाड्यांच्या मालकाने उत्तर दिले, की आम्ही येथे आधी होतो. तुम्ही मागाहून शेजारी आलात. युक्तिवाद बिनतोड होता, आणि तक्रार करणारी केवळ कंपनी असती तर तिला कदाचित हात हलवीत परतावे लागले असते. पण १९७२ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने घरांत राहणाऱ्या लोकांच्या आरोग्याचा प्रश्न वेगळा काढला. त्यांच्यासाठी वाडे हलविले पाहिजेत, असा आदेश झाला. मात्र स्वस्त जमिनीचा लाभ घेऊन ज्याने ह्या लोकांना उपद्रवाच्या तोंडी आणून बसविले, त्या वेब कंपनीनेच वाडे हलविण्याचा अथवा बंद करण्याचा वाजवी खर्च सोसावा, असेही न्यायालयाने ठरविले. फिर्यादीने जिंकावे आणि वर प्रतिवादीला भरपाईही द्यावी, असा हा विलक्षण निकाल अमेरिकेतील विधि-महाविद्यालयांत आजही शिकविला जातो. शहर वाढत वाढत शेतावर, गोठ्यावर, कारखान्यावर जाऊन भिडते तेथे तेथे हाच वाद उपस्थित होतो, आणि 'आधी कोण?' एवढ्याच प्रश्नाने तो मिटत नाही.

दुसऱ्यांची मुले

गोठ्यांच्या खटल्यात सन सिटीकरांची बाजू सहानुभूतीची होती. शाळांच्या प्रकरणात ते म्हणता येत नाही. गावात मुले नसली तरी गाव पिओरिया ह्या शेजारच्या शाळा-विभागात मोडत होते. नव्या वर्गखोल्यांसाठी कर्जरोखे काढावयाचे तर मतदारांची संमती लागे, आणि फेड मालमत्ता-करातून होई. शेतमजुरांच्या व नोकरदारांच्या मुलांची संख्या वाढत होती. मतदार-यादीत मात्र निवृत्तांचे पारडे जड झाले होते. १९६० नंतरच्या दशकात असे प्रस्ताव पुनःपुन्हा फेटाळले गेले. आम्ही आमच्या मुलांच्या शाळांसाठी आमच्या मूळ गावी आयुष्यभर कर भरला, आता पुन्हा का, हा वृद्धांचा प्रश्न होता. त्यांची मुले ज्या शाळांत शिकली त्या शाळांचा खर्च त्या काळच्या वृद्धांनीही उचलला होता, हे उत्तर त्यांना कोणी दिले किंवा नाही कोण जाणे. अखेर १९७४ मध्ये सन सिटी त्या शाळा-विभागातून वेगळी काढण्यात आली. पिओरियाच्या शाळांना त्यामुळे रोखे मंजूर करून घेणे सुकर झाले, पण सन सिटीच्या घरांवरील कराला त्या कायमच्या मुकल्या.

मुलांना दूर ठेवण्याचा नियम टिकविणे हेही सोपे राहिले नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या गृहनिवास कायद्यात दुरुस्ती होऊन मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारणे बेकायदा ठरले. वृद्धांच्या वसाहतींना अपवाद मिळाला. पण किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षांवरील एक तरी व्यक्ती राहत असली पाहिजे, आणि वसाहतीने तसा पुरावा ठेवला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. सन सिटीत १९ वर्षांखालील व्यक्तीला वर्षातून ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. नातवंडे पाहुणी म्हणून येतात, ठरलेल्या तासांत तलावात पोहतात आणि परत जातात.

ह्या नियमाची धार शेजारच्या यंगटाउनमध्ये दिसून आली. तेथे १९९० नंतरच्या दशकात एका वृद्ध दांपत्याने घरच्या जाचातून आलेल्या आपल्या किशोरवयीन नातवाला आसरा दिला. वयाच्या नियमावर बोट ठेवून नगर-प्रशासनाने परवानगी नाकारली व दंडाची तंबी दिली. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्याकडे गेले. वयाचे निर्बंध कायदेशीर रीतीने घातले गेलेलेच नाहीत असे त्यात आढळून आले, आणि १९९८ मध्ये यंगटाउनने ते सोडून दिले. लहान घरे स्वस्त होती. तरुण कुटुंबे आली. २०२० मध्ये तेथील लोकसंख्या सात हजारांवर गेली होती, म्हणजे वीस वर्षांत दुपटीहून अधिक. वृद्धांसाठी वसविलेल्या पहिल्यावहिल्या गावात आज शाळेची बस फिरते. सन सिटीच्या घरमालक-संघटनेला हे उदाहरण रोज डोळ्यांसमोर दिसत असते. वयाच्या दाखल्यांबाबत ती इतकी दक्ष का, ह्याचे उत्तर त्यात आहे. त्या दक्षतेत भीतीचा अंश आहे, हे नाकारता येणार नाही. पण ज्या नातवाला दाराशी थांबविले गेले त्याच्या बाजूने पाहिले तर हा नियम वेगळाच दिसतो, आणि ह्या दोन बाजूंचा मेळ घालण्याची युक्ती कायद्यालाही सापडलेली नाही.

वस्तीच्या घडणीविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ही वस्ती प्रथमपासून जवळजवळ पूर्णतः गौरवर्णीय राहिली, आणि आजही ती बहुतांशी तशीच आहे.

नवे वृद्ध

सन सिटीचे बांधकाम १९७८ मध्ये पूर्ण झाले व त्याच वर्षी कंपनीने पलीकडे सन सिटी वेस्ट ह्या दुसऱ्या नगराला आरंभ केला. स्वतः वेब १९७४ मध्येच निवर्तले होते. बांधणारा निघून गेल्यावर गाव खऱ्या अर्थाने रहिवाशांच्या हाती आले, आणि म्हातारपण म्हणजे नुसते गोल्फ नव्हे हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. १९६० साली साठीत असलेली माणसे ऐंशीत पोहोचली. १९७० मध्ये बॉझ्वेल ह्या नावाचे रुग्णालय उघडले होते. त्याच्या आसपास दवाखाने, शुश्रूषागृहे व अंत्यविधीची दुकाने वाढली.

पहिले रहिवासी महामंदीत होरपळलेले होते. दिलेल्या प्रत्येक डॉलरचा हिशेब मागणारे. त्यांच्यामागून दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची पिढी आली, आणि आता १९४६ नंतर जन्मलेले येत आहेत. ह्यांतील अनेकजण अजून नोकरी सोडून मोकळे झालेले नाहीत. त्यांना पूर्वीच्या लोकांचे शफलबोर्ड नको, पिकलबॉलचे मैदान हवे. वर्गणीपेक्षा इमारतींचे नूतनीकरण महत्त्वाचे वाटते. केंद्रांच्या सभांत होणारे कडाक्याचे वाद पुष्कळदा ह्या दोन वयांतले असतात. बाहेरच्यांना सारे वृद्ध सारखेच दिसतात. पण छप्पन्न आणि शहाऐंशी ह्यांत एका पूर्ण पिढीचे अंतर आहे.

पाणी आणि ऊन हे दोन प्रश्न मात्र सर्वांचेच आहेत. ह्या खोऱ्याच्या पश्चिम भागात दीर्घकाळ, मुख्यतः शेतीसाठी, इतके भूजल उपसले गेले, की जवळच्या ल्यूक विमानतळाजवळची जमीन १९९२ पर्यंत सुमारे १८ फूट खचली होती. १९८० मध्ये राज्याने भूजलाच्या उपशावर कायदा केला, आणि कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने फीनिक्सपर्यंत १९८५ मध्ये पोहोचले. अनेक सन सिटीकरांनी अंगणातील हिरवळ काढून खडी पसरली आहे. काहींनी हिरवळीच्या आठवणीखातर ती खडीच हिरव्या रंगाने रंगविली. उन्हाळ्यात ज्यांना परवडते ते उत्तरेकडे निघून जातात. २०२३ मध्ये फीनिक्स येथे सलग ३१ दिवस तपमान ४३ अंशांच्या वर राहिले. अशा दिवसांत मागे राहिलेल्या एकट्या माणसाच्या दारावर कोणीतरी जाऊन थाप मारावी लागते.

ह्या नगराने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र गोल्फच्या मैदानावर सापडत नाही. १९८७ मध्ये येथील संशोधन-संस्थेने मरणोत्तर मेंदूदानाचा कार्यक्रम हाती घेतला. अल्झायमर, पार्किन्सन ह्यांसारख्या व्याधींचा मागोवा घ्यावयाचा तर रोग्यांच्या मेंदूबरोबर निरोगी वृद्धांचे मेंदूही तपासावयास हवेत, आणि तेही मृत्यूनंतर अत्यंत त्वरेने. कारण पेशींतील नाजूक द्रव्ये लवकर बिघडतात. एकाच वयाचे हजारो लोक एकाच ठिकाणी, रुग्णालयाच्या व प्रयोगशाळेच्या हाकेच्या अंतरावर राहतात, अशी जागा जगात विरळाच. वेब ह्यांनी व्यापारी हिशेबाने केलेली रचना शास्त्राच्या अशी कामी आली. २००५ पासून इच्छुकांकडून इतर अवयवांचेही दान स्वीकारले जाऊ लागले. दाते जिवंतपणीच नाव नोंदवितात आणि वेळोवेळी स्मरणशक्तीच्या व हालचालींच्या चाचण्या देण्यास येतात. शंभरातून सात वजा करीत जावयाचे, सांगितलेले शब्द काही वेळाने आठवून सांगावयाचे, सरळ रेषेत चालून दाखवावयाचे असे त्या चाचण्यांचे स्वरूप असते. चाचणी आटोपली की ते आपापल्या मंडळाकडे वळतात. मृत्यूची सूचना मिळताच विच्छेदन-पथक निघते. मृत्यू आणि मेंदू काढून घेणे ह्यांमधील काळ येथे साधारणपणे तीन तासांचा असतो. येथून निघालेले मेंदूच्या ऊतींचे नमुने अमेरिकेतील व परदेशांतील प्रयोगशाळांकडे पाठविले जातात.